खासगी शाळेतल्या शिक्षकांना राजकीयदृष्ट्या तटस्थ राहता येतं का?

तुम्ही लिहिलंय की मुलगी नववीत आहे, इतिहासाचे सर तासाला एका नेत्याची नक्कल करतात, वर्ग खदखदून हसतो आणि घरी येऊन ती तेच तुम्हाला ऐकवते. मग खासगी शाळेत शिक्षक तटस्थ राहूच शकत नाहीत का, असं विचारलंय. मी चोवीस वर्षं इतिहास-राज्यशास्त्र शिकवलं, आधी अनुदानित मराठी शाळेत, मग स्वयंअर्थसहाय्यित इंग्रजी माध्यमात. माझ्या मते वर्गात तटस्थ राहता येतं. वर्गाबाहेर राहू देतील की नाही, ते संस्थेवर असतं.

आपल्याकडे कायद्याच्या भाषेत अनुदानित शाळाही खासगीच. पगार शासनाचा, नेमणूक संस्थेची. विनाअनुदानितमध्ये दोन्ही संस्थेच्याच हातात. आणि संस्थाचालक बऱ्याचदा एक तर माजी आमदार असतात, नाहीतर होऊ घातलेले. माझ्या पहिल्या शाळेत अध्यक्ष निवडणुकीला उभे राहिले, तेव्हा स्टाफरूममध्ये एक चहापान झालं. हुकूम कुणी दिला नाही. "पालकांना नुसतं भेटून या, ख्यालीखुशाली विचारा," एवढंच. प्रत्येकाला दोन वस्त्या वाटून दिल्या. गणिताचे एक सर म्हणाले, मला जमणार नाही. त्यांना कुणी चकार शब्द बोललं नाही. पुढच्या जूनला मात्र वेळापत्रकात त्यांच्या वाट्याला पाचवीचे सगळे वर्ग, रोजचा शेवटचा तास आणि स्कूलबसची ड्यूटी आली. मी गेले होते दोन्ही वस्त्यांत. हे लिहायला आजही बरं वाटत नाही.

जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला वर्तणूक नियमांनी पक्षाचं काम करायला मनाई आहे. लोकांना ते बंधन वाटतं, मला ती ढाल वाटते. "साहेब, नियमात बसत नाही" म्हणून तो हात जोडू शकतो. खासगीत ज्याच्या हाती नोकरी, त्याच्यापुढे नियम वाचून दाखवणार कोण?

शिवाय शिक्षक राजकारणाबाहेरचा आहे असं खुद्द घटनाही मानत नाही. आपल्या विधान परिषदेच्या 78 पैकी 7 जागा शिक्षक मतदारसंघाच्या आहेत, आणि तिथे मत देतात ते माध्यमिक आणि त्यावरचे शिक्षकच. एकेकाळी तिथे शिक्षक संघटनांचा जोर असायचा, आता पक्ष उघडपणे उमेदवार देतात. टप्प्याटप्प्याने मिळणाऱ्या शासकीय अनुदानासाठी आझाद मैदानावर पावसात बसलेल्या शिक्षकाला तुम्ही "राजकारणापासून लांब राहा" म्हणालात तर तो हसेल. त्याचा पगार सुरू होतो की नाही, हे मंत्रिमंडळ ठरवतं. ही दोरी जुनीच आहे. ब्रिटिश सरकारच्या 1907 च्या रिस्ले परिपत्रकानेही राजकारणात उतरलेल्या शाळांना अनुदान बंद करण्याची धमकी दिलीच होती.

आता वर्ग. दहावीच्या राज्यशास्त्रात 'राजकीय पक्ष' नावाचा धडाच आहे, तो काय डोळे मिटून शिकवायचा? मतदानाच्या दुसऱ्या दिवशी बोटावरची शाई बघून मुलं विचारणारच, "बाई, कुणाला दिलं?" मी म्हणायचे, "ते पडद्याआड झालं, पडद्याआडच राहू दे." तरी आमच्या आडनावावरून मुलांनी आधीच निकाल लावलेला असतो. त्यावर माझ्याकडे एकच उपाय होता. ज्या पक्षाला तुझ्या घरी शिव्या बसतात, त्याची बाजू त्याच्या मतदाराला पटेल अशी मांडून दाखव. पहिल्या वेळी मुलं टवाळीच करतात. तिसऱ्या-चौथ्या वेळी कुणीतरी खरंच तयारी करून येतं.

पण सगळीकडे दोन बाजू नसतात. इंग्रजी शाळेत आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, 25 टक्के राखीव जागांतून आलेली मुलं वर्गात होती. डबा खाताना एक मुलगा त्यांच्यातल्या एकीला म्हणाला, "तुमचं काय, तुम्हाला सगळं फुकटच." पुढच्या तासाला मी नेमलेला धडा बाजूला ठेवला. हा प्रवेश कायद्याने मिळतो, कुणाच्या मेहेरबानीने नाही, हे सांगितलं, आणि तिथून अस्पृश्यता आणि ती रद्द करणारं घटनेचं कलम 17 यावर आले. चर्चा ठेवली नाही, दुसरी बाजू काय म्हणते ते विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी पालक ऑफिसात हजर: "बाई वर्गात राजकारण करतात." मुख्याध्यापिकांनी मला बोलावून "थोडं सांभाळून" म्हटलं. मी तो तास पुढच्या वर्षीही घेतला, कुणाच्या डब्याची वाट न बघता.

तुमच्या सरांचं म्हणाल तर मला ते राजकारण कमी आणि टाळ्यांची हौस जास्त वाटते. मुलीची वही उघडून बघा. सरांना न आवडणाऱ्या पक्षाबद्दल तिने नीट लिहिलेल्या उत्तराला मार्क मिळालेत का? मिळाले असतील तर माणूस नक्कलेपलीकडे बरा आहे. नसतील, तरी आधी सरांनाच एकटं गाठून बोला, मुख्याध्यापकांकडे धावू नका आणि पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर मुळीच टाकू नका. तक्रार वर गेली की नक्कल कुणाची होती यावरच निकाल लागतो. संस्थाचालकांच्या नेत्याची असेल तर सर घरी जातील, आणि विरोधकाची असेल तर तुम्हाला चहा पाजून परत पाठवतील.