पावसात डीटीएचच्या छत्रीचं चित्र का फुटतं?

प्रश्न: पावसाची मोठी सर आली की आमच्या डीटीएचचं चित्र चौकोन चौकोन होऊन फुटतं आणि मग जातंच. जुन्या अँटेनाला मुंग्या यायच्या पण बातम्या ऐकू तरी यायच्या. बॉक्सच्या सेटिंगमधे 'एफईसी ३/४' दिसतं, ते १/२ केलं तर फरक पडेल का? (एक वाचक, कणकवली तालुका)

उत्तर: ते सेटिंग प्लीज बदलू नका. तो आकडा तुमच्या बॉक्सने ठरवलेला नाहीये, सिग्नल पाठवणाऱ्याने ठरवलाय, बॉक्सला तो फक्त माहीत असावा लागतो. तिथे १/२ टाकलंत तर आत्ता लागतायत ते चॅनलपण जातील.

फोनवर खरखर असली की आपण 'ग गणपतीचा, घ घराचा' असं सांगतो ना, म्हणजे एका अक्षरासाठी मुद्दाम जास्तीचं बोलतो आणि ऐकणाऱ्याचं थोडं हुकलं तरी अक्षर बरोबर पोचतं. एफईसी, म्हणजे फॉरवर्ड एरर करेक्शन, हेच करतं. ३/४ म्हणजे दर तीन खऱ्या बिटांसाठी (बिट म्हणजे एक ० किंवा १) चार बिट हवेत सोडलेत. हे आधीच सोबत पाठवावं लागतं कारण मोबाइलवर एखादं पॅकेट हरवलं तर फोन ते परत मागून घेतो, पण छत्रीला तोंडच नाही, ती फक्त ऐकते, आणि समजा मागता आलं असतं तरी लाखो घरांतून एकदम 'परत सांगा' आलं तर सॅटेलाइटने कुणाकुणाला उत्तर द्यायचं?

सॅटेलाइटवरून टीव्ही पाठवायच्या जुन्या डीव्हीबी-एस पद्धतीत याचे दोन थर आहेत. आधी १८८ बाइटच्या (एक बाइट म्हणजे आठ बिट) प्रत्येक पॅकेटला १६ जास्तीचे बाइट जोडून २०४ करतात, हा १९६० सालचा रीड-सॉलोमन कोड, त्या २०४ मधले कुठलेही ८ बाइट चुकले तरी बॉक्स ते स्वतः दुरुस्त करतो. त्यावर मग ३/४ चा दुसरा थर. तो थर उलगडताना बॉक्स चुकला तर सुटासुटा चुकत नाही, सलग घोळ घालतो, आणि एकाच पॅकेटमधे ८ च्या वर बाइट गेले की रीड-सॉलोमनचे हात टेकले. म्हणून पाठवतानाच बाइट एकमेकांत मिसळून १२ पॅकेटांत पांगवतात, मग घोळ सगळ्यांत थोडाथोडा वाटला जातो आणि प्रत्येकाला पेलतो. हे जमेपर्यंत इतकं सुरेख जमतं की ३/४ चा थर उलगडल्यावर दहा हजारात दोन बिट चुकीचे निघाले तरी रीड-सॉलोमननंतर तासाभरात एखादी चूकसुद्धा राहत नाही.

तुमच्या मुंग्यांचं उत्तर इथेच आहे. जुन्या सिग्नलमधला बिघाड थेट पडद्यावर दिसायचा, हळूहळू वाढायचा. इथे तो झाकला जातो, झाकला जातो आणि कोडची ताकद संपली की एकदम सगळं कोसळतं. डीटीएचची लहर साधारण १२ गिगाहर्ट्झची, लांबी जेमतेम अडीच सेंटीमीटर, कोकणातल्या सरीचे टपोरे थेंब ती शोषतात आणि विखुरतात. केबलवाल्यांच्या मोठ्या सी-बँड छत्र्या ४ गिगाहर्ट्झच्या आसपास ऐकतात, त्यांना पाऊस फारसा जाणवत नाही.

मग सगळ्यांनी १/२ च का नाही पाठवत? सेकंदाला २७५ लाख सिम्बॉल (इथे एका सिम्बॉलमधे दोन बिट) पाठवणारा ट्रान्सपाँडर, म्हणजे सॅटेलाइटवरचा एक प्रक्षेपक, धरा, ३/४ वर त्यातून साधारण ३८ मेगाबिट खरा माल जातो, १/२ वर २५, म्हणजे एक तृतीयांश चॅनल खाली उतरवावे लागतील. म्हणून खरी सुधारणा कोड हुशार करण्यात आहे, आणि ती झालीय. नव्या डीव्हीबी-एस२ मधे एलडीपीसी कोड वापरतात. शब्दकोडं आठवा, आडव्या शब्दातलं अक्षर अडलं तर उभा शब्द ते सुचवतो, ते भरलं की तिसरा शब्द सुटतो, असं फिरून फिरून सगळं सुटतं. एलडीपीसी म्हणजे ६४,८०० बिटांचं असं कोडं, प्रत्येक बिट अगदी मोजक्याच 'शब्दांत' येतो त्यामुळे सोडवणं आवाक्यात राहतं. रॉबर्ट गॅलागर यांनी एमआयटीत १९६० मधे हे आपल्या प्रबंधात मांडलं होतं, पण तेव्हाच्या कॉम्प्युटरना झेपणारं नव्हतं, तीसेक वर्षं ते पडून राहिलं! १९९३ मधे फ्रान्समधून टर्बो कोड आले, तेही असेच फिरून फिरून सोडवायचे, लोक या वाटेकडे परत वळले आणि गॅलागरचा कोड पुन्हा सापडला. तीच छत्री, तीच पॉवर, आणि जुन्यापेक्षा साधारण ३० टक्के जास्त माल. मला ही गोष्ट फार भारी वाटते.

घरी करण्यासारखं म्हणजे कोरड्या दिवशी 'स्ट्रेंग्थ' नाही, 'क्वालिटी'चा आकडा बघत छत्री नीट जुळवून घ्या, केबलच्या कनेक्टरमधे पाणी शिरतंय का बघा, आणि ६० ऐवजी ९० सेंमीची छत्री लावलीत तर क्षेत्रफळ सव्वादोन पट होतं, बऱ्याच सरी निभावतील.

प्रश्न: एकच फाइल रेडिओवरून हजार जणांना पाठवायची आणि प्रत्येकाची वेगळीच पॅकेट हरवली तर काय करतात? (इंजिनीअरिंगची विद्यार्थिनी, सांगली)

उत्तर: फाउंटन कोड वापरतात. त्यातलेच मायकेल लुबी यांचे एलटी कोड २००२ मधे छापून आले. पाठवणारा मूळ पॅकेटांची वेगवेगळी मिश्रणं सोडत राहतो, कारंज्यासारखी, आणि ज्याचं भांडं मूळ संख्येपेक्षा किंचित जास्त भरलं त्याची फाइल तयार, कुठले थेंब पडले याने फरक पडत नाही. आणि जर कुणाला काय मिळालं नाही हे कळत असेल तर अजून सोपं आहे. तुझ्याकडे पहिलं पॅकेट आहे दुसरं नाही, मैत्रिणीकडे दुसरं आहे पहिलं नाही. पहिलं ७, दुसरं ५ असेल तर एकदाच १२ सोडायचं. तू ७ वजा कर, ती ५ वजा करेल.