आधी करंट लिही

चि. पोरीस आशीर्वाद.

वहीचे फोटो पाहिले. ३.३ व्होल्टचा झेनर, म्हणजे ठरावीक व्होल्टेज धरून ठेवणारा डायोड, २.२ दाखवतो म्हणून शेरा ‘खराब’, १२ चा ११.९ दाखवतो म्हणून ‘चांगला’. वर मलाच विचारतेस, दुकानदाराने नकली माल दिला का? अगो, पण करंट किती होता?

वहीत कुठेच नाही. मग मीच हिशेब केला. २४ व्होल्टचा सप्लाय, १० किलोओहमचा रेझिस्टर. म्हणजे पहिल्यातून २ मिलिअँपच्या जरा वर, दुसऱ्यातून सव्वा. आता डेटाशीट बघ. १एन४७२८ए चे ३.३ व्होल्ट ७६ मिलिअँपला दिलेत, १एन४७४२ए चे १२ व्होल्ट २१ मिलिअँपला. कंपनीने आकडा अटीसकट दिला, तू अट सोडून आकडा उचललास.

मग १२ वाला बरोबर कसा आला? साधारण ५-६ व्होल्टच्या वरच्या झेनरमध्ये इलेक्ट्रॉनांचा लोंढा, म्हणजे अ‍ॅव्हलांच असतो. एकदा सुटला की करंट वाढवला तरी व्होल्टेज फारसं हलत नाही. खालच्यांचं तसं नाही, तिथे करंटाबरोबर व्होल्टेज बराच वेळ चढत राहतं. १२ वाल्याने तुझा हलगर्जीपणा झाकला, एवढंच. करंट लिही.

डेटाशीटमधला करंट मिळावा म्हणून ३.३ ला २७० ओहम, ५ वॅटचा रेझिस्टर लाव. १२ ला ५६० पुरे. रेझिस्टरवरचं व्होल्टेज मोजून ओहमने भाग, करंट मिळेल. दोन्ही डायोडांत पाव वॅट जिरतो, ते तापतात. तापल्यावर ३.३ वाला खाली सरकतो, १२ वाला वर. आकडा स्थिर झाला की मग लिही, करंटासकट.

मिरकरवाडा बंदरात बोटींचे वायरलेस दुरुस्त करायचो, तिथे तपासणीच्या रजिस्टरात करंटाचा रकानाच नव्हता. चांगले डायोड कचऱ्यात जायचे. मी रकाना मागितला, मालक हसले, मी काम सोडलं. आज वाटतं, थोडी कळ काढली असती तर रकाना मिळाला असता, पोरं शिकली असती. पण खोट्या रजिस्टरवर सही करायची? नाही जमलं. हेकट म्हणतात, म्हणू देत.

तुझा हात चांगला आहे, सोल्डरिंग माझ्यापेक्षा स्वच्छ. म्हणून तर राग येतो. गणपतीला घरी येशील तेव्हा वही आण. मोदक नंतर, आधी करंटाचा रकाना बघेन.