पाटल्या मोडून सिक्युरिटीची डिग्री?

ताई, रामबागेतून आलेलं तुमचं पत्र दोनदा वाचलं. लेकीला इन्फर्मेशन सिक्युरिटी, म्हणजे कॉम्प्युटर आणि त्यातली माहिती हल्ल्यांपासून जपण्याचं शास्त्र, शिकायची आहे. बाहेरगावचं खासगी विद्यापीठ, होस्टेल धरून वर्षाला 3 लाख. इंदूरलाच घरी राहून कॉम्प्युटर सायन्स केलं तर वर्षाला 1 लाख 10 हजार. गाठीला सुकन्या समृद्धीतले 6 लाख, थोडी एफडी आणि सासूबाईंच्या पाटल्या. ‘प्रोग्रॅमिंग आता मशीनच करणार, सिक्युरिटीच घेऊ दे’ असं तुमच्या यजमानांचं म्हणणं. आणि तुमचा प्रश्न: कर्ज काढावं की पाटल्या मोडाव्यात?

माझं मत, दोन्ही करू नका. तिला इंदूरला कॉम्प्युटर सायन्स करू द्या.

आधी कर्जाचा हिशेब. दरवर्षी 3 लाख याप्रमाणे 12 लाख उचलले आणि व्याज 10 टक्के धरलं, तर शिक्षणाची चार वर्षं आणि वरचं सवलतीचं एक वर्ष एवढ्या काळात सरळव्याजच 4 लाख 20 हजार होतं. मग 16 लाख 20 हजारांवर दहा वर्षांचा हप्ता महिना 21,400 च्या आसपास बसतो. पहिल्या नोकरीतल्या मुलीच्या पगारातून एवढे गेले तर तिला मनासारखं काम निवडताच येणार नाही, मिळेल ते धरावं लागेल. साडेसात लाखांच्या वर बँका सहसा तारण मागतात, म्हणजे तुमचं घर अडकणार. यजमान नव्या करप्रणालीत आहेत, त्यामुळे शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर मिळणारी करसूटही त्यांना नाही.

एवढं सोसूनही तो अभ्यासक्रम घ्यावा असा असता तर मी तसं सांगितलं असतं. पण या दोन विषयांना समोरासमोर उभं करणंच मला पटत नाही. सिक्युरिटी प्रोग्रॅमिंगच्या पायावर उभी राहते. एक उदाहरण देते. वेबसाइटचा कोड कच्चा असेल, तर लॉगिनच्या चौकटीत नावाच्या जागी क्वेरीचा, म्हणजे डेटाबेसला द्यायच्या आज्ञेचा, तुकडा लिहून डेटाबेस उघडता येतो, याला एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. जिने स्वतः कधी क्वेरी लिहून डेटाबेसशी झटापट केलेली नाही, तिला ही चोरी पाठ होईल, पकडता येणार नाही. मेमरीतल्या जागेत मावेल त्याहून जास्त माहिती कोंबून प्रोग्रॅम ताब्यात घेण्याच्या हल्ल्याचं, म्हणजे बफर ओव्हरफ्लोचंही तसंच. सी भाषेत मेमरी कशी वापरली जाते हे हाताखालून गेलेलं असेल तरच ते कळतं. मशीन भराभर कोड लिहायला लागलं तर त्यातल्या चुका ओळखणारी माणसं जास्तच लागतील, आणि कोड वाचता आल्याशिवाय त्या ओळखता येत नाहीत. यजमानांना हे जरूर सांगा.

सिक्युरिटीला मागणी आहे, यात वाद नाही. सायबर हल्ला लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवण्याचं बंधन सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेनं 2022 मध्ये घातलं. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात दंड 250 कोटींपर्यंत आहे. पण याचाच अर्थ चोवीस तास पहारा, आणि नव्या मुलांच्या वाट्याला बहुधा त्या पहाऱ्याची रात्रपाळी येते. ही बाजू लेकीला कुणी सांगितली आहे का?

आता पैसे. इंदूरची चार वर्षांची फी 4 लाख 40 हजार. सुकन्या खात्यातून मुलगी 18 वर्षांची झाल्यावर किंवा दहावी पास झाल्यावर शिक्षणासाठी, आदल्या आर्थिक वर्षाअखेरच्या शिलकीच्या निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते. हप्त्यानंही, वर्षातून एकदा. म्हणजे 3 लाख तिथून. उरलेले 1 लाख 40 हजार चार वर्षांत महिना तीनेक हजार बाजूला टाकून निघतील. लॅपटॉप एफडीतून घ्या. तो बरा घ्या, त्यावरच ती लिनक्स ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम टाकून शिकणार आहे.

सिक्युरिटीची वाट बंद होत नाही. बऱ्याच कॉलेजांत बी.टेक.बरोबर 18 ते 20 जादा क्रेडिटचा मायनर, म्हणजे जोडविषय, घेता येतो. सायबर सिक्युरिटीचा आहे का, ते प्रवेशाआधी विचारा. आयआयटींच्या एनपीटीईएल या ऑनलाइन उपक्रमाचे कोर्स फुकट आहेत, परीक्षेपुरती फी पडते. डिग्रीनंतरही ओढ टिकली तर सी-डॅक या सरकारी कॉम्प्युटर संस्थेचा सहा महिन्यांचा इन्फ्रास्ट्रक्चर, सिस्टिम्स आणि सिक्युरिटीचा डिप्लोमा आहे, पुण्यातही होतो. तुमची बहीण कोथरूडला आहे म्हणता, राहायचा खर्चही वाचेल.

एका गोष्टीनं माझं मत बदलेल. ती आजच रात्र रात्र बसून सीटीएफची (हॅकिंगच्या सराव-स्पर्धांची) कोडी सोडवत असेल, नेटवर्किंग स्वतः होऊन शिकत असेल, तर मला परत लिहा. मग दुसऱ्या एखाद्या सरकारी कॉलेजचा विचार करू. पत्रात तसं काही दिसलं नाही, ‘मैत्रिणी घेताहेत’ एवढंच आहे.

सीट पक्की करायला मागितलेले 50 हजार तूर्त भरू नका. डीटीईचं, म्हणजे राज्याच्या तंत्रशिक्षण संचालनालयाचं, प्रवेशाचं काउन्सेलिंग होऊ द्या, जेईईच्या रँकवर इंदूरचंच एसजीएसआयटीएस हे इंजिनिअरिंग कॉलेज मिळतंय का ते आधी पाहा.