सातवीतल्या गणितात गती असलेल्या मुलीसाठी पुढच्या तीन वर्षांची आखणी

नमस्कार ताई,

मानेवाड्याहून आपण लिहिले आहे की मुलगी सातवीत, सेमी इंग्रजीत शिकते; गणिताचे पुस्तक तिने ऑगस्ट उजाडण्याआधीच सोडवून टाकले, वर्गात तिचे लक्ष नसते अशी बाईंची तक्रार आहे, एक इयत्ता वगळून तिला पुढे बसवायला शाळा तयार नाही आणि तीन वर्षांच्या फाउंडेशन कोर्सची फी आत्ताच भरून टाका, असा एका क्लासचा आग्रह सुरू आहे. दहावीपर्यंतचे गणित आणि विज्ञान तिने आठवीतच संपवावे का, हा आपला मूळ प्रश्न. मी नागपुरात सत्तावीस वर्षे माध्यमिक शाळेत गणित शिकवले आणि त्यातली शेवटची बारा वर्षे अशा मुलामुलींना रविवारी सकाळी घरी बसवून शिकवले, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तिला पुढे जरूर जाऊ द्यावे. जे येते तेच तिच्याकडून वर्षभर गिरवून घेणे हा तिच्यावर अन्याय आहे. मात्र ‘संपवणे’ हा शब्द आखणीतून काढून टाकावा, कारण याच शब्दापायी माझ्या हातून एका मुलाचे नुकसान झाले आहे. तो सातवीत होता आणि डिसेंबरपर्यंत मी त्याला दहावीच्या वर्गसमीकरणांपर्यंत नेले होते. सूत्र तोंडपाठ, उत्तरे बिनचूक, आईवडील खूश आणि मीही खूश. एके दिवशी त्याला विचारले, की ज्यांची बेरीज १० आणि गुणाकार २० आहे अशा दोन संख्या कोणत्या? त्याने सूत्रात घालून पाच अधिक-उणे वर्गमूळ पाच असे क्षणात लिहिले. वर्गमूळ पाच ही संख्या साधारण केवढी असेल असे विचारताच त्याने कॅल्क्युलेटर मागितला, आणि ती अपूर्णांकात का लिहिता येत नाही यावर, ‘पुस्तकात तसे दिले आहे’ हे उत्तर मिळाले. पुढे नववीत तो गणित ऑलिम्पियाड या स्पर्धेच्या तयारीला बसला तेव्हा दहा मिनिटांत जमला नाही तो प्रश्न बाजूला सारू लागला. अडून बसण्याची सवय त्याला कधी लागलीच नव्हती, कारण मी त्याला कधी अडू दिले नव्हते.

त्यानंतर मी पद्धत बदलली. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ ज्युलियन स्टॅन्ली यांनी १९७१ मध्ये गणितात असामान्य गती असलेल्या मुलांचा दीर्घ अभ्यास सुरू केला. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना त्यांनी कॉलेजप्रवेशासाठी सतरा वर्षांची मुले देतात ती परीक्षा द्यायला लावली, कारण वयाच्या परीक्षेत अशी सगळीच मुले पैकीच्या पैकी गुण मिळवतात आणि कोण कुठवर पोहोचले आहे ते कळतच नाही. शिकवण्याचा त्यांचा नियमही सरळ होता: आधी वरच्या पातळीची चाचणी घ्यावी, नेमके काय येत नाही ते शोधावे आणि तेवढेच शिकवावे.

हे घरी करायला खर्च येत नाही. बालभारतीची आठवीची आणि नववीची गणिताची पुस्तके आणावीत. नववीला भाग १ बीजगणिताचा आणि भाग २ भूमितीचा आहे. त्यांतले संकीर्ण प्रश्नसंग्रह तिला न शिकवता, घड्याळ न लावता सोडवायला द्यावेत आणि प्रत्येक उदाहरणापुढे तिनेच तीनपैकी एक खूण करावी: ‘आले आणि का ते सांगता येते’, ‘आले पण का ते सांगता येत नाही’, ‘आले नाही’. पहिल्या खुणेची उदाहरणे पुन्हा सोडवून घेऊ नयेत. तिसरी खूण कुणालाही दिसते, परंतु हुशार मुलांची खरी उणीव दुसऱ्या खुणेत दडलेली असते, कारण उत्तर बरोबर असल्यामुळे तिथे कुणी थांबतच नाही. सेमीच्या मुलांची आणखी एक गोष्ट पाहावी. ती ‘फॅक्टराइज’ झटकन करतात, पण अवयव म्हणजे काय ते स्वतःच्या शब्दांत सांगताना अडखळतात. तिने कारण आधी घरच्या भाषेत, आजीला समजेल असे सांगावे आणि मग इंग्रजीत लिहावे. या क्रमाने लिहिलेली सिद्धता स्वच्छ उतरते.

चाचणीनंतर आठवडा आखताना पाच तासांवर जाऊ नये: तीन गणिताचे, दोन विज्ञानाचे. सातवीच्या उरलेल्या महिन्यांत आठवीचे विस्तारसूत्र, अवयव आणि एका चलातील समीकरणे सहज होतील. आठवीत नववीचे बीजगणित घ्यावे. भूमितीला मात्र पूर्ण वर्ष द्यावे, तीही कंपास आणि पट्टी हातात घेऊन, कारण ‘हे उघडच दिसते’ आणि ‘हे सिद्ध झाले’ यांतला फरक कळायला वेळ लागतो आणि तो वेळ वाचवता येत नाही. त्रिकोणमिती आणि त्यापुढचे काही आत्ता आणू नये. वाचलेला वेळ पाठ्यपुस्तकात फारसे नसलेल्या गोष्टींना द्यावा: विभाज्यता, शेषांचे म्हणजे भागाकारात उरणाऱ्या बाकीचे गणित, मोजणीची तत्त्वे. यांना वरच्या वर्गाची सूत्रे लागत नाहीत, विचार मात्र पुरेपूर लागतो.

एक नमुना देते. दोन किंवा अधिक लागोपाठच्या नैसर्गिक संख्यांची बेरीज म्हणून कोणत्या संख्या लिहिता येतात? १५ ही ७+८ आहे, ४+५+६ आहे आणि १+२+३+४+५ सुद्धा आहे. माझ्याकडच्या एका सातवीतल्या मुलाने जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे १ ते ४० संख्या मांडल्या, जमतील त्यांपुढे बेरजा लिहिल्या आणि उरलेल्यांना गोल केले: १, २, ४, ८, १६, ३२. ‘दोनाचे घात!’ असे तो ओरडलाच. हे सगळे वीस मिनिटांत झाले. ‘का?’ या प्रश्नाला पुढचे चार रविवार लागले. दुसऱ्या रविवारी त्याला दिसले, की पदे विषम असतील तर बेरीज म्हणजे मधली संख्या गुणिले पदांची संख्या. तिसऱ्या रविवारी सम पदांपाशी गाडी अडली आणि तो रडवेला झाला. मी उत्तर सांगितले नाही, फक्त पहिले आणि शेवटचे पद बोटाने दाखवले. चौथ्या रविवारी तो दारातूनच सांगत आला, की टोकांच्या जोड्या लावल्या तर प्रत्येक जोडीची बेरीज सारखी आणि विषमच येते. म्हणजे दोन्ही प्रकारांत त्या संख्येला १ पेक्षा मोठा विषम विभाजक असतोच आणि दोनाच्या घाताला तो नसतो. त्या महिन्यात त्याचे पाठ्यपुस्तक एक पानही पुढे सरकले नाही, आणि मला त्याची काळजी वाटली नाही. उरलेला अर्धा भाग, म्हणजे दोनाचा घात नसलेली प्रत्येक संख्या तशी लिहिता येतेच हे दाखवणे, मी आपल्या मुलीसाठी ठेवते.

विज्ञानाबाबत माझे मत वेगळे आहे. गणितात मूल वह्या-पुस्तकांच्या बळावर दोन वर्षे पुढे जाऊ शकते. विज्ञानात पुढच्या इयत्तेचे धडे वाचून नुसती नावे पाठ होतात. दहावीचे अपवर्तनाचे सूत्र सातवीत पाठ करण्यापेक्षा मोजायला शिकणे, मोजलेले मांडायला शिकणे आणि आपला अंदाज चुकला हे आकड्यांवरून ओळखणे अधिक मोलाचे आहे. आपल्या गावात तर विषय घरातच उभा आहे. मे महिन्यात कूलर खोली गार करतो आणि जुलैत तोच कूलर नुसती दमट हवा फेकतो, हे प्रत्येक नागपूरकर मुलाला माहीत असते. का, ते तिला मोजून पाहू द्यावे. प्रयोगशाळेत वापरतात तसे दोन थर्मामीटर घ्यावेत, ताप मोजण्याचा इथे चालणार नाही. एकाच्या फुग्याला ओले सुती कापड गुंडाळावे, दोन्ही सावलीत टांगावेत, पुठ्ठ्याने वारा घालावा आणि पारा स्थिर झाला की दोन्ही आकडे लिहावेत. ४४ अंशांच्या कोरड्या दुपारी ओल्या कापडाचा पारा तेवीस-चोवीसपर्यंत उतरू शकतो. पावसाळ्यात दोन्हींत मोजके काही अंश उरतात. बाष्पीभवनाला लागणारी उष्णता, हवेतली आर्द्रता, आलेख, सरासरी, मोजमापातली चूक, सगळे या एका नोंदवहीत येते. एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत रोज दुपारी तीन वाजता दोन आकडे, एवढेच काम आहे. शाळेच्या दिवशी ते घरातले कुणीतरी लिहून ठेवेल.

दुसरा विषय २६ मेच्या सुमाराचा. नागपूर सुमारे २१.१५ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे त्या दिवशी मध्यान्ही सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. ही वेळ बाराची नसून साधारण बारा वाजून दहा मिनिटांची असते. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आहे, आपण ७९ अंशांच्या आसपास आहोत, आणि एका अंशाला चार मिनिटे. तिने हिशेब केला तर सुमारे चौदा मिनिटे निघतील आणि प्रत्यक्षात दहाच का भरतात, हा पुढचा प्रश्न तिला आपोआप पडेल. विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, त्यामुळे ही सुट्टी अशा कामाला पुरते. गांधीसागरजवळच्या रमण विज्ञान केंद्रात आणि तिथल्या तारांगणात तिला वर्षातून दोन-तीनदा न्यावे, पण प्रत्येक वेळी एकाच दालनासाठी, वही घेऊन.

परीक्षांविषयी थोडक्यात. डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सहावी आणि नववीसाठी असते आणि तिच्यात लेखीनंतर प्रात्यक्षिक आणि कृतिसंशोधन असते, म्हणून मला ती आवडते. आपली नोंदवही नववीत तिथे उपयोगी पडेल. गणित ऑलिम्पियाडची पहिली पायरी, आयओक्यूएम, आठवीपासून देता येते. तीन तासांत तीस प्रश्न असतात आणि उत्तरे पूर्णांकांत द्यायची असतात. त्यापुढच्या प्रादेशिक फेरीत तेवढ्याच वेळात सहा प्रश्न असतात आणि सिद्धता लिहावी लागते. कनिष्ठ विज्ञान ऑलिम्पियाडची एनएसईजेएस ही परीक्षा नववीत द्यावी. आयओक्यूएमच्या आठवीतल्या पहिल्या प्रयत्नात तीसपैकी पाच-सहा प्रश्न आले तरी ते पुष्कळ आहे, हे तिला परीक्षेच्या आधी सांगून ठेवावे. सातवीपर्यंत ज्या मुलीने शंभरपैकी शंभर पाहिले आहेत तिला पाच-सहाचा आकडा जिव्हारी लागतो, आणि तो सोसायला घरातल्यांनी मदत करायची असते. नातेवाइकांसमोर तिला ‘आमची हुशार’ म्हणणे आजपासून थांबवावे. ज्या मुलांना हे विशेषण चिकटते ती अवघड प्रश्नापासून दूर राहू लागतात, हे मी पुन्हापुन्हा पाहिले आहे.

शाळेशी भांडू नये. वर्ग वगळण्याचा आग्रह मीही धरला नसता. तिच्या मैत्रिणी याच वर्गात आहेत आणि तिला बाकीच्या विषयांत घाई नाही. बाईंना भेटून एवढेच विचारावे, की जे प्रकरण तिला येते त्याची घटक चाचणी तिने आधी द्यावी आणि चांगले गुण मिळाल्यास त्या तासाला मागच्या बाकावर स्वतःची प्रश्नवही सोडवावी, चालेल का? राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये विशेष गती असलेल्या मुलांना नेहमीच्या अभ्यासक्रमापलीकडे प्रोत्साहन द्यावे असे म्हटले आहे, हे मुख्याध्यापकांना नम्रपणे दाखवता येईल. त्याबदल्यात तिने वहीत पायऱ्या पूर्ण लिहायच्या, हे मान्य करावे. पायऱ्या गाळण्याची सवय दहावीच्या बोर्डात गुण खाते.

आता फीचे. तीन वर्षांचे पैसे आत्ता भरू नयेत. सातवी-आठवीत तिला क्लासची गरज नाही. तिच्याइतक्याच गतीची दोन-तीन मुले रविवारी एकत्र बसू शकली तर त्याचा उपयोग कितीतरी अधिक होईल. नववीत क्लास लावावासा वाटला तर त्याआधी मुलीला घेऊन तिथल्या एका तासाला मागे बसण्याची परवानगी मागावी. निकालाचे फलक पाहू नयेत. फळ्यावर प्रश्न मांडल्यावर उत्तर सांगण्याआधी शिक्षक मुलांसाठी किती वेळ थांबतात, ते घड्याळात पाहावे, आणि घरी येताना तिथे पुन्हा जावेसे वाटते का, हे तिलाच विचारावे.