भरलेल्या पिकअपने घाटात अचानक ओढ सोडली, तर दोष कुठे शोधावा?

हर्णै बंदरावरून मासळी भरून कुंभार्ली घाटाने कराडकडे जाताना आपली डिझेल पिकअप ॲक्सिलरेटर दाबूनही काही क्षण प्रतिसाद देत नाही, मग एकदम झेप घेते आणि एकदा तर चढावर तिची ओढ पूर्णच गेली, असे आपण लिहिले आहे. चावी बंद करून पुन्हा सुरू केल्यावर ती नीट चालली आणि गॅरेजमध्ये ‘काहीच दोष नाही’ असे सांगण्यात आले. अशी गाडी चालवत राहावी का, हा आपला प्रश्न आहे. मी रत्नागिरी परिसरात गाड्यांच्या वायरिंगचे काम करतो आणि माझे उत्तर स्पष्ट आहे: कारण सापडेपर्यंत या गाडीत माल भरून घाट चढू नये.

चावी फिरवल्यावर गाडी सुधारते, हा दुरुस्तीचा पुरावा नाही. आजच्या डिझेल पिकअपमध्ये ॲक्सिलरेटरपासून इंजिनापर्यंत तारेची केबल नसते. पॅडलला दोन सेन्सर असतात, त्यांचे व्होल्टेज इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, सतत वाचतो, आणि पुष्कळ गाड्यांमध्ये एकाचे व्होल्टेज दुसऱ्याच्या दुप्पट ठेवलेले असते. हे प्रमाण बिघडले की कोणता सेन्सर खरा हे संगणकाला ठरवता येत नाही, म्हणून तो इंजिनाची ताकद मर्यादित करतो. यालाच आपल्याकडे ‘गाडी लिंप मोडला गेली’ असे म्हणतात. चावी बंद केल्यावर तपासणी नव्याने सुरू होते आणि दोष त्या क्षणी हजर नसेल तर गाडी पूर्ववत चालते; बिघडलेला जोड मात्र जिथल्या तिथेच असतो.

म्हणून पहिली विनंती अशी की कोणाच्याही सांगण्यावरून बॅटरीची तार काढू नका आणि ईसीयूत नोंद झालेले कोड, म्हणजे दोषांचे क्रमांक, लिहून घेतल्याशिवाय पुसू देऊ नका. कोडबरोबर त्या क्षणाचा इंजिनाचा वेग, भार आणि तापमानही पुष्कळदा साठवलेले असते; उभ्या गाडीवर न दिसणारा दोष शोधण्याचा तोच सर्वांत भरवशाचा धागा आहे. पी२१३८ हा कोड पॅडलच्या दोन सेन्सरमधील विसंगती दाखवतो, पी००८७ कॉमन रेलमधील, म्हणजे सर्व इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीतील, डिझेलचा दाब कमी पडल्याचे सांगतो, तर पी०२९९ टर्बोची, म्हणजे इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या पंख्याची, हवा अपुरी असल्याचे. तिघांचा उपाय वेगळा आहे, आणि कोड न पाहता पॅडल, पंप किंवा टर्बो बदलणे म्हणजे मालकाचा पैसा अंदाजावर खर्च करणे होय.

किनाऱ्यावरच्या गाडीत मी प्रथम जोड आणि अर्थिंग, म्हणजे बॅटरीचे ऋण टोक इंजिन व पत्र्याला जोडणाऱ्या तारा, पाहतो, आणि मासळीची गाडी असेल तर ते अधिकच आग्रहाने पाहतो. क्रेटमधील बर्फ वितळून निघालेले खारट पाणी हौद्याच्या फटींतून चॅसीवर आणि तिथून जाणाऱ्या वायरिंगवर टपकत राहते. जेटीवरून ओल्या चपलांनी चढलेल्या चालकामुळे केबिनची जमीनही पावसाळाभर सुकत नाही. सेन्सरना साधारण ५ व्होल्टचा पुरवठा असतो आणि जोडाच्या पिनेवर हिरवट थर चढला की काही दशांश व्होल्ट तिथेच हरवतात. दिव्याला हा फरक जाणवत नाही, पण ईसीयूला तो पुरेसा असतो. शिवाय पुष्कळदा एकाच ५ व्होल्टच्या तारेवर अनेक सेन्सर असतात. माझ्याकडे आलेल्या एका मासळीच्या पिकअपमध्ये पॅडल नवे बसवूनही तक्रार कायम होती. चॅसीलगतच्या एका सेन्सरची तार आवरण घासून पत्र्याला टेकत होती आणि खड्ड्यात गाडी हादरली की पॅडलचा पुरवठाही तिच्याबरोबर खाली जात होता.

तपासणी करणाऱ्याला दोन गोष्टी आवर्जून सांगा. पिना पॉलिशपेपरने घासू नयेत, कारण वरचा मुलामा निघाला की त्या अधिक वेगाने गंजतात. त्यांच्यासाठी कॉन्टॅक्ट क्लीनर वापरावा. आणि व्होल्टेज मोजण्यासाठी तारेच्या आवरणात टाचणी खुपसू नये, कारण त्या छिद्रातून खारी हवा आत जाते आणि काही महिन्यांत तांबे आतून खाऊन टाकते. बॅटरीच्या ऋण टोकापासून इंजिनापर्यंतचे अर्थिंगही मोजावे: स्टार्टर फिरत असताना या दोहोंमध्ये ०.२ व्होल्टपेक्षा बराच अधिक फरक दिसला, तर अर्थची पट्टी काढून बैठक स्वच्छ करावी. ब्रेकचा स्विचही विसरू नये. ब्रेक न दाबता मागचा लाल दिवा मधूनच लागत असेल, तर चालकाने ब्रेक दाबला आहे असे समजून काही गाड्यांचा ईसीयू ॲक्सिलरेटर कमी करतो.

रिकामी गाडी उत्तम पळते आणि भरलेली चढावर मरते, असा अनुभव असेल तर संशय डिझेलच्या पुरवठ्याकडे वळतो. कॉमन रेलमधील दाब आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसते चालू असताना, साधारण ३०० बारच्या आसपास असतो, पण पूर्ण भाराखाली तो कित्येक इंजिनांत १,६०० बारपर्यंत जातो. अर्धवट तुंबलेला फिल्टर पहिली गरज भागवतो, दुसरी नाही. पावसाळ्यात अर्ध्या रिकाम्या टाकीत ओलावा धरतो, तेव्हा फिल्टरखालचे पाणी नियमित काढावे. भार असताना स्कॅनरवर, म्हणजे ईसीयूतील आकडे वाचणाऱ्या यंत्रावर, ‘मागितलेला दाब’ आणि ‘मिळालेला दाब’ शेजारी ठेवून पाहिले की वाद उरत नाही. टर्बोच्या नळीला चीर असेल तर हवेचा फुसफुसाट आणि काळा धूर सोबत येतो. गाडी एप्रिल २०२० नंतरची, म्हणजे बीएस६ या प्रदूषण मानकाची असेल आणि बहुतेक वेळ बंदर ते बर्फाचा कारखाना एवढ्याच छोट्या फेऱ्या होत असतील, तर धुराड्यातील डीपीएफला, म्हणजे काजळी अडवणाऱ्या गाळणीला, काजळी जाळण्याइतकी उष्णता मिळत नाही. तो तुंबला की ताकद कमी केली जाते. इंजिनाचे आरपीएम वाढूनही वेग वाढत नसेल, तर मात्र हा सगळा शोध सोडून क्लच पाहावा.

पुन्हा असे घडलेच, तर ॲक्सिलरेटरवर पाय आपटत राहू नका, कारण ओढ परत आली तर ती वळणावरच येईल. लगेच धोक्याचे दिवे लावा, खालचा गिअर घ्या, शक्य तितके डावीकडे या आणि गाडी थांबेपर्यंत इंजिन बंद करू नका. ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम पंप आणि बहुतेक गाड्यांचे पॉवर स्टिअरिंग इंजिनावर चालते. इंजिन बंद झाल्यावर ब्रेकचे पॅडल एक-दोन वेळाच सहज दाबले जाते आणि मग दगडासारखे घट्ट होते. थांबल्यावर हँडब्रेक ओढून चाकामागे लाकडी ठोकळा लावल्याशिवाय क्लीनरला मागे पाठवू नये.

गाडी वॉरंटीत असेल तर ‘दोष नाही’ हे तोंडी उत्तर स्वीकारू नका. जॉब कार्डवर तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्या: कुठे, किती भार असताना, कोणत्या गिअरमध्ये. भरलेल्या गाडीत, चढावर, स्कॅनर जोडून तंत्रज्ञासह चाचणीची लेखी मागणी करा. त्यासाठी घाट नको, बाजूला थांबायला जागा असलेला छोटा चढ पुरतो. स्वयंरोजगारातून उपजीविका चालवण्यासाठी गाडी घेतलेला मालक ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहक ठरतो आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवू शकतो. त्या वेळी प्रत्येक भेटीचे जॉब कार्ड आणि स्कॅनरच्या पडद्याचा फोटो हीच आपल्या हातातली कागदपत्रे असतील.