टेस्टोस्टेरॉन २९० आलंय. चिडचिड आणि विसरभोळेपणा त्यामुळेच असेल का? इंजेक्शन घ्यावं का?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: वय ४१, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखान्यात रात्रपाळी. वर्षभर घरात चिडचिड, कशात मन लागत नाही, हिशेब लक्षात राहत नाहीत. मित्र म्हणाला म्हणून टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, तपासलं, २९० आलं. त्या दिवशी पोरीच्या शाळेत जायचं होतं म्हणून रात्रपाळीनंतर झोप झालीच नव्हती, जेवण करून दुपारी चारला रक्त दिलं. आता जिमचा ट्रेनर इंजेक्शन घ्या म्हणतोय. आणि तुम्हाला दुसरं मूल हवंय.

मी सोलापुरात पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. डॉक्टर नाही, त्यामुळे औषध सांगणार नाही. पण असे आकडे काढणं हे माझं रोजचं काम आहे, आणि तुमच्या आकड्यावर विसंबून कोणी तुम्हाला सुई टोचावी हे मला अजिबात पटत नाही.

ही टेस्ट करायला येणारे पुरुष बहुतेक वेळा संध्याकाळी येतात, काउंटरवर गर्दी नसताना. तोंडाने नाव घेत नाहीत, मोबाईलवर लिहिलेलं पुढे सरकवतात. नाश्ता, चहा, जेवण सगळं झालेलं असतं. मी विचारते, डॉक्टरांची चिठ्ठी आहे का? नसते. मग मी त्यांना सकाळी उपाशीपोटी या म्हणून सांगते, आणि निम्मे परत येत नाहीत.

सकाळीच का? कारण हे हार्मोन झोपेत वाढतं, जाग येण्याच्या सुमारास सगळ्यात जास्त असतं आणि दिवसभर उतरत जातं. पोटभर जेवल्यावरही खाली येतं. म्हणून नियम असा की सकाळी उपाशीपोटी, दोन वेगवेगळ्या दिवशी तपासायचं, आणि दोन्ही वेळा कमी आलं तरच कमी म्हणायचं. अमेरिकेतली यूरॉलॉजी डॉक्टरांची संघटना ३०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर ही सीमा धरते. तुमचं २९० हे जागरण, भरलेलं पोट आणि दुपारचे चार या तिन्ही गोष्टींसकट आलेलं आहे. रात्रपाळीवाल्यांसाठी ‘सकाळ’ म्हणजे घड्याळातले आठ नव्हेत, पुरेशी झोप घेऊन उठल्यानंतरचे पहिले दोन-तीन तास. कारखान्यातून थेट लॅबमध्ये येऊन रक्त दिलंत तरी ते चुकीचंच.

झोपेचं मी उगाच म्हणत नाही. शिकागो विद्यापीठात २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दहा निरोगी तरुणांना आठवडाभर रात्री पाचच तास झोपू दिलं, तर त्यांचं दिवसाचं टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्क्यांनी घसरलं. तुमचं तर वर्ष गेलंय असं.

आता मेंदूचं. भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या मेंदूच्या भागांत या हार्मोनचे रिसेप्टर, म्हणजे त्याचा निरोप घेणाऱ्या जागा असतात, आणि मेंदू या हार्मोनच्या काही भागाचं स्वतःच इस्ट्रोजेन (बायकांचं म्हणून ओळखलं जाणारं हार्मोन) बनवून वापरतो. त्यामुळे हार्मोन खरोखरच फार खाली गेलं, म्हणजे अंडकोषाचा किंवा पिट्युटरी ग्रंथीचा (मेंदूच्या तळाशी असलेल्या, अंडकोषाला निरोप पाठवणाऱ्या ग्रंथीचा) आजार असला, तर माणूस थकलेला, उदास राहतो, कामेच्छा जाते. अशांना उपचाराने बरं वाटतं. काठावरच्या आकड्यात मात्र एवढा फरक पडत नाही. अमेरिकेत ६५ वर्षांवरच्या, २७५ च्या खाली असलेल्या पुरुषांना वर्षभर टेस्टोस्टेरॉनची जेल लावून पाहिली. कामेच्छा वाढली, मूड किंचित सुधारला, स्मरणशक्तीत काहीही फरक पडला नाही. हिशेब लक्षात राहावेत म्हणून इंजेक्शन घेणार असाल तर हे आधी वाचा.

आणि गाडी उलट दिशेनेही धावते. डिप्रेशन, जागरण, सुटलेलं पोट, झोपेत श्वास अडकण्याचा आजार, हे सगळं टेस्टोस्टेरॉन खाली आणू शकतं. घोरता का, घोरताना मध्येच श्वास थांबतो का, हे वहिनींना विचारा. तुम्हाला स्वतःला ते कळणार नाही.

इंजेक्शनबद्दल एकच गोष्ट नीट लक्षात घ्या. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदू अंडकोषाला काम करण्याचा निरोप पाठवणं बंद करतो. रक्तातला आकडा छान दिसतो, पण शुक्राणू बनणं खूप कमी होतं किंवा थांबतं. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० च्या सुमारास दर आठवड्याचं टेस्टोस्टेरॉन इंजेक्शन चक्क पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणून तपासलं होतं, आणि निम्म्याहून जास्त जणांचे शुक्राणू शून्यावर गेले होते. दुसरं मूल हवं असलेल्या माणसाला हे न सांगता सुई देणारा ट्रेनर तुमचं भलं करत नाहीये. सोडल्यावर शरीराचं स्वतःचं काम पूर्ववत व्हायला कित्येक महिने जातात, आणि त्या काळात उदासी आणखी वाढू शकते. रक्त घट्ट होतं ते वेगळंच. जिममधून इंजेक्शनं घेणाऱ्या पंचविशीतल्या पोरांचं हिमोग्लोबिन १८ च्या वर गेलेलं मी पाहिलंय.

साप्ताहिक सुट्टीला जोडून दोन दिवस रजा टाका, रात्री नीट झोपा आणि उठल्यावर उपाशीपोटी रक्त द्या. सोबत थायरॉईड, बी-१२, हिमोग्लोबिन आणि साखर करून घ्या. विसरभोळेपणा आणि चिडचिड घेऊन येणाऱ्यांत, विशेषतः शाकाहारी घरांत, बी-१२ कमी निघालेलं मी पुष्कळदा पाहते, आणि त्यावर उपाय सोपा आहे. टेस्टोस्टेरॉन पुन्हा कमी आलं तर डॉक्टर एलएच, एफएसएच आणि प्रोलॅक्टिन या पिट्युटरीच्या हार्मोनच्या तपासण्या सांगतील. मूळ दोष कुठे आहे ते त्यातून कळतं.

पण कशात मन लागत नाही हे वर्षभर चाललंय, त्याला या रिपोर्टची वाट पाहायला लावू नका. सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीत दाखवा. जायला अवघड वाटलं तर १४४१६ वर फोन करा. टेली मानस ही सरकारी सेवा आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. जीव नकोसा झाल्यासारखं वाटलं तर त्याच क्षणी लावा, किंवा घरच्या कुणाला तरी सांगा.

रिपोर्ट आले की जुना-नवा असे दोन्ही कागद घेऊन एमडी मेडिसिन किंवा हार्मोनच्या डॉक्टरांकडे जा. रक्त किती वाजता दिलं, आधी किती तास झोपला होतात ते कागदावर लिहून ठेवा, आणि मूल हवंय हे बसल्या बसल्या पहिल्यांदा सांगा.