ब्लॅक होलमधून प्रकाश सुटत नाही, मग फ्लेअर दिसतो कसा?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात, ब्लॅक होलमधून काहीच बाहेर येत नसेल तर फ्लेअर (अचानक येणारी चमक) कुठून येतो आणि तो कधी येणार हे आधी कळतं का. दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, नाही कळत. त्यामुळे तासन्‌तास नुसतं बघत बसावं लागतं.

प्रकाश आतून येत नाही, भोवतीच्या तापलेल्या वायूतून येतो. आपल्या आकाशगंगेच्या मधोमध सॅजिटेरियस ए स्टार नावाचं ब्लॅक होल आहे, वस्तुमान सूर्याच्या साधारण ४० लाख पट, अंतर २६-२७ हजार प्रकाशवर्षं. वृश्चिकाची नांगी म्हणजे आपलं मूळ नक्षत्र ओळखता येत असेल तर तिथून जरा धनूकडे सरका, ती दिशा. डोळ्यांना काही दिसणार नाही, मधे प्रचंड धूळ आहे. इन्फ्रारेड आणि जोरकस एक्स-रे त्या धुळीतून येतात, पण एक्स-रे आपलं वातावरण अडवतं, म्हणून टेलिस्कोप वर न्यायचा.

ऑक्टोबर २००० मध्ये अवकाशातला चंद्रा एक्स-रे टेलिस्कोप (हो, आपल्या चंद्रशेखरांच्या नावाचाच) तिकडे बघत असताना ते ठिकाण थोड्या वेळात साधारण ४५ पट उजळलं आणि तीनेक तासांत शांत झालं. मला त्यातला सगळ्यात भारी भाग वाटतो तो म्हणजे मधेच दहा मिनिटांत चमक पाचपट पडली. एवढ्या झटकन मंद व्हायचं तर चमकणारी जागा प्रकाश दहा मिनिटांत जितका जातो त्यापेक्षा फार मोठी असूच शकत नाही, म्हणजे साधारण सूर्य ते पृथ्वी एवढीच. फोटोत एक ठिपका दिसतो पण नुसत्या घड्याळावरून त्याचा आकार कळतो!

मग २०१२ मध्ये चंद्राने वर्षभरात मिळून ३० लाख सेकंद बघितलं, ३९ फ्लेअर मिळाले, सरासरी दिवसाला एक. जेम्स वेब या अवकाश टेलिस्कोपने २०२३-२४ मध्ये इन्फ्रारेडमध्ये एकूण ४८ तास बघितलं तर तिथे दिवसाला पाच-सहा मोठे फ्लेअर आणि बारीक लुकलुक तर थांबतच नाही. एक्स-रे फ्लेअर आला की बरोबर इन्फ्रारेडही येतो, उलटं मात्र दर वेळी होत नाही. वेबमध्ये दोन तरंगलांबी एकदम बघता आल्या, त्यात लांब तरंगलांबीचे बदल काही सेकंद ते ४० सेकंद उशिरा दिसले, कारण आखूड तरंगलांबीचा प्रकाश जास्त ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांकडून येतो आणि ते आधी थंडावतात. चुंबकीय रेषा तुटून पुन्हा जुळताना ही ऊर्जा सुटत असावी, सूर्यावर होतं तसं, असा बहुतेकांचा कल आहे.

पण उजळलं म्हणजे ब्लॅक होलच उजळलं असं धरू नका. एप्रिल २०१३ मध्ये रोज तिकडे नजर टाकणाऱ्या स्विफ्ट उपग्रहाला मोठी चमक दिसली, सगळ्यांना वाटलं हा ब्लॅक होलचाच फ्लेअर, त्यात जी-टू नावाचा वायूचा ढग त्याच्या जवळ येत होता म्हणून उत्साह आणखी. न्यूस्टार या एक्स-रे टेलिस्कोपने बघितलं तर दर ३.७६ सेकंदांनी ठोके! ब्लॅक होल असे ठोके देत नाही, तो शेजारचा मॅग्नेटार (प्रचंड चुंबकीय क्षेत्र असलेला न्यूट्रॉन तारा) निघाला, चंद्राच्या फोटोत फक्त २.४ आर्कसेकंद बाजूला (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). टीआयएफआर मुंबईत बनलेला, भारतीय उपग्रह अ‍ॅस्ट्रोसॅटवरचा सॉफ्ट एक्स-रे टेलिस्कोप चांगलाच आहे, पण त्याच्या नजरेत हे दोघं एकाच ठिपक्यात मिसळतात, म्हणून या कामाला चंद्राच लागतो.

स्वतः करून बघायचं तर चंद्राचा जुना डेटा खुला आहे, २०१३ च्या आधीचा घ्या म्हणजे मॅग्नेटारचा त्रास नाही. ब्लॅक होलभोवती सव्वा आर्कसेकंदाचं वर्तुळ, २ ते ८ केईव्ही (फोटॉनच्या ऊर्जेचं एकक), ३०० सेकंदांचे बिन म्हणजे वेळेचे तुकडे, एवढं करून लाइटकर्व्ह (वेळेनुसार चमक दाखवणारा आलेख) काढा, आणि शेजारच्या रिकाम्या जागेचाही काढा, दोन्ही एकदम वर गेले तर तो फ्लेअर नाही, बॅकग्राउंड आहे. फार तेजस्वी फ्लेअर असेल तर शिखरावरचे आकडे थेट खरे मानू नका, एकाच फ्रेममध्ये दोन फोटॉन आले की डिटेक्टर त्यांना एकच मोजतो.